जुनी व्हिंटेज शॅम्पेन चाखायची आणि घ्यायची आहे? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी सुरुवातीपासून

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला, लेकीच्या जन्मवर्षाची बाटली उघडायची ठरली किंवा निवृत्त होताना एकदा तरी खरी जुनी शॅम्पेन प्यायची असं मनात आलं, की पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या सालची घेऊ?’ माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. ती बाटली इतकी वर्षं होती कुठे आणि तिच्यातला गाळ कधी काढला, हे आधी विचारायचं. या दोन गोष्टींची उत्तरं नसतील, तर लेबलवरचं साल कितीही भारदस्त असो, हजारो रुपये अंधारात टाकल्यासारखे आहेत.

ठाण्यात राहून या वाटेने गेल्यावर कुठे अडायला होतं ते नीट कळतं. दुकानदार मदत करतात, पण त्यांच्याकडे या मालाची रोजची उलाढाल नसते. नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि वाशीच्या सेक्टर १७ पासून सीवूड्सपर्यंत चकाचक वाईन शॉप आहेत, तरी शेल्फवर दिसते ती शॅम्पेन बहुतेक वेळा सालाविनाची असते. जुनी व्हिंटेज शोधून, विचारून, चाखून घ्यावी लागते. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

१. बाटलीवरच्या सालाचा अर्थ समजून घ्या

शॅम्पेन म्हणजे फ्रान्सच्या ईशान्येला, रांस आणि एपर्ने या शहरांच्या आसपास पिकलेल्या द्राक्षांपासून तिथेच बनलेली फेसाळ वाईन. बाकी ठिकाणची ती स्पार्कलिंग वाईन, मग ती कितीही चांगली असो. द्राक्षं मुख्यतः तीन: शार्दोने, पिनो न्वार आणि म्युनिए.

आधी साधी, बुडबुडे नसलेली वाईन बनते. ती बाटलीत भरताना थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि बहुतेक ठिकाणी सोड्याच्या बाटलीला असतं तेच पत्र्याचं बूच लावतात. बाटलीत ती पुन्हा आंबते. त्यातून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून तो वाईनमध्येच विरघळतो आणि दाब साधारण सहा वातावरणांइतका चढतो. साखर संपली की यीस्ट मरतं आणि गाळ होऊन बसतं. या गाळावर वाईन वर्षानुवर्षं पडून राहते, तेव्हा तिच्यात भाजलेल्या पावाचा, सुक्यामेव्याचा तो प्रसिद्ध वास येतो.

सालाविनाची म्हणजे ‘नॉन-व्हिंटेज’. तिच्यात वेगवेगळ्या वर्षांच्या वाईन मिसळलेल्या असतात, म्हणजे दरवर्षी चव एकसारखी राहते. बाटलीत भरल्यापासून निदान १५ महिने थांबल्याशिवाय ती विकता येत नाही. व्हिंटेजला हीच अट तीन वर्षांची आहे आणि सगळी द्राक्षं त्या एकाच सालची असावी लागतात. नामवंत घराणी, म्हणजे शॅम्पेन बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या, तीन वर्षांवर थांबत नाहीत, सात-आठ वर्षं सहज लावतात. डॉम पेरिन्यॉन तर फक्त व्हिंटेजच निघते. तिचं पहिलं साल १९२१, बाजारात आली १९३६ मध्ये.

‘ब्रूट’ हा शब्द जुनेपणाचा नाही, गोडीचा आहे. ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, एक्स्ट्रा ब्रूटमध्ये सहापर्यंत. ‘डेमी-सेक’ लिहिलेलं असेल तर ती चांगलीच गोड. गंमत म्हणजे ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ब्रूटपेक्षा गोड असते, नावावर जाऊ नका.

२. गाळ काढल्याची तारीख शोधा. सगळ्यात महत्त्वाचं हेच

या पायरीवर जास्त वेळ द्या. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही.

विक्रीआधी बाटल्या उलट्या तिरप्या करत, हळूहळू फिरवत गाळ तोंडाशी आणतात, तोंडाकडचा भाग गोठवतात आणि पत्र्याचं बूच काढून तो गोळा उडवून टाकतात. मग किंचित गोड वाईनची भर घालून नेहमीचं कॉर्कचं बूच आणि तारेची जाळी बसवतात. गाळ काढण्याच्या या कामाला ‘डिसगॉर्जमेंट’ म्हणतात.

गाळ असतो तोवर तो आत येणारा थोडाथोडका ऑक्सिजन शोषून घेतो आणि वाईन ताजी राहते. तो निघाला की राखण संपली. त्यानंतर कॉर्कमधून हवा अगदी सावकाश आत जाते, वायू अगदी सावकाश बाहेर पडतो आणि वाईन वेगळ्या पद्धतीने वयात येते: मध, सुकं जर्दाळू, कॉफी, मशरूम. म्हणून २००२ च्या दोन बाटल्या घेतल्या, एकीचा गाळ २०१० मध्ये काढला आणि दुसरीचा २०२० मध्ये, तर साल तेच, द्राक्षं तीच, घराणं तेच असूनही ग्लासमध्ये दोन निराळ्या वाईन असतात. दुसरी जास्त तजेलदार, पहिली जास्त पिकलेली. कुठली चांगली हे आवडीवर आहे. पैसे देण्याआधी आपण कुठली घेतोय, ते मात्र माहीत हवं.

बोलांजे या घराण्याने १९५२ सालची शॅम्पेन गाळावर बरीच वर्षं राखून १९६७ मध्ये ‘आर.डी.’ या नावाने आणली. तेव्हापासून उशिरा गाळ काढलेल्या बाटल्या हा वेगळा प्रकारच रूढ झाला. डॉम पेरिन्यॉनची ‘पी-२’ त्याच जातीची. आपल्यासाठी हा प्रकार फार सोयीचा आहे, कारण वय झालेलं असतं ते फ्रान्सच्या थंड तळघरात, आपल्याकडच्या गोदामात नव्हे.

तारीख कुठे सापडते? बाटली फिरवा आणि मागचं लेबल वाचा. छोटे उत्पादक बरेचदा महिना-वर्ष सरळ छापतात. क्रुग या घराण्याच्या बाटलीवर, मागच्या लेबलवर सहा आकडी ‘आयडी’ असतो. त्यातला पहिला आकडा तिमाहीचा, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ‘३१४’ने सुरू होत असेल, तर कॉर्क २०१४ च्या तिसऱ्या तिमाहीत लागलं. काही घराण्यांचा क्यूआर कोड असतो, तो दुकानातच मोबाईलवर स्कॅन करा. आयातदाराने आपलं स्टिकर नेमकं या तारखेवर चिकटवलेलं असतं, असंही दिसतं. मग दुकानदाराला सांगून त्याच लॉटमधली दुसरी बाटली बघा.

माझा ठोकताळा असा: गाळ काढून दहा वर्षं होऊन गेली असतील आणि त्यातली बरीचशी भारतात गेली असतील, तर ती बाटली सोडून द्या.

३. कागदपत्रं आधी करून ठेवा

महाराष्ट्रात दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि त्यानुसार मद्य विकत घ्यायला, जवळ ठेवायला आणि प्यायला परवाना लागतो. शेजारच्यांनी कधीच काढला नसेल, तरी तुम्ही काढा. महागडी बाटली घेऊन गाडीतून येताना कोणी थांबवलं, तर वाद घालण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं. एक दिवसाचा परवाना दुकानातही मिळतो; वर्षाचा किंवा आजीवन परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून ऑनलाइन काढता येतो. खारघर, पनवेल, उलवे हा भाग रायगड जिल्ह्यात येतो. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात. अर्ज भरताना जिल्हा चुकवू नका.

जवळ ठेवा:

- पासपोर्ट आकाराचा फोटो, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा (आधार चालतं)
- परवान्याची छापील किंवा मोबाईलमधली प्रत
- प्रत्येक बाटलीचं बिल. महाग बाटलीचं बिल फाईलला लावा, त्यावर लॉट किंवा साल लिहून घ्या
- परदेशातून आणली असेल तर तिथली पावती

२६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी या दिवशी दुकानं बंद असतात. मतदानाच्या आधीही ड्राय डे असतो. समारंभाच्या आदल्या दिवशी धावपळ नको.

४. विकत घेण्याआधी चाखा

जुन्या शॅम्पेनचा पहिला घोट बऱ्याच जणांना आवडत नाही. त्यांच्या मनात फसफसणारं, फळांच्या वासाचं, थंडगार पेय असतं. समोर येतं ते सोनेरी, मंद बुडबुड्यांचं आणि वासाला मशरूम-अक्रोडाच्या जवळचं. पाच आकडी रक्कम मोजल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

म्हणून शिडी चढा. पहिली पायरी नाशिकची. दिंडोरीची शाँदों आणि सुला ब्रूट या दोन्ही बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या, म्हणजे पद्धत शॅम्पेनचीच. या वाईन तरुण असतात, पण बुडबुड्यांचा पोत आणि आंबटपणा जिभेला समजतो. (आपल्या राज्याला ही पद्धत नवी नाही. नारायणगावला १९८० च्या दशकात बनलेली स्पार्कलिंग वाईन ‘ओमर खय्याम’ या नावाने युरोपात विकली जात होती. ही आठवण जपावी असं मला मनापासून वाटतं.) दुसरी पायरी कुठल्याही चांगल्या घराण्याची सालाविनाची शॅम्पेन. तिसरी पायरी नुकतीच बाजारात आलेली व्हिंटेज. त्यानंतर जुनी.

एकट्याने ही शिडी परवडत नाही, गट करा. ७५० मिलिची बाटली ७५ मिलिच्या मापाने दहा जणांना पुरते आणि चाखायला तेवढं पुष्कळ होतं. दोन-तीन बाटल्या एकाच संध्याकाळी शेजारी शेजारी ठेवल्या तर फरक जास्त पटकन कळतो. घरात मित्रांनी मिळून खर्च वाटून घेणं वेगळं; सोसायटीचा हॉल घेऊन, तिकीट लावून कार्यक्रम करायचा असेल तर उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा कार्यक्रम परवाना काढावा लागतो.

मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत ग्लासने मिळते ती जवळजवळ नेहमी सालाविनाची असते. आयातदार मात्र अधूनमधून चाखण्याचे कार्यक्रम आणि जेवणं ठेवतात. ज्या दुकानात आयात माल जास्त दिसतो, तिथल्या मॅनेजरला सांगून आपला नंबर आयातदाराच्या विक्री प्रतिनिधीकडे द्या. एकदा त्यांच्या यादीत नाव गेलं की निरोप येत राहतात. जाताना लोकलने किंवा रिक्षाने जा. रक्तात १०० मिलिमागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही गाडी चालवण्याची मर्यादा फार लवकर ओलांडली जाते.

५. साल निवडा, पण हट्ट धरू नका

फ्रान्समधलं हे उत्तरेकडचं, थंड हवेचं ठिकाण. दरवर्षी द्राक्षं सारखी पिकत नाहीत, म्हणून प्रत्येक घराणं प्रत्येक साली व्हिंटेज काढत नाही.

२००८ हे साल थंड गेलं, आंबटपणा भरपूर, म्हणून त्या बाटल्या दीर्घकाळ टिकतात. आज नवख्या माणसाने एकच साल शोधायचं असेल, तर मी हेच सुचवीन. २००२ जास्त मऊ, भरलेलं. २०१२ चं पीक कमी आलं, पण उतरलं उत्तम आणि ते अजून मिळण्याची शक्यता बरी आहे. १९९६ मध्ये साखर आणि आंबटपणा दोन्ही चढे होते. काही बाटल्या अप्रतिम झाल्या, काही बाटल्यांतली फळांची चव आधी संपली आणि आंबटपणा तेवढा उरला, म्हणून चाखल्याशिवाय १९९६ ला हात घालू नये. २००३ च्या एप्रिलमध्ये कडाक्याचं दहिवर पडलं आणि उन्हाळ्यात युरोपभर उष्णतेची लाट आली. त्या वाईन जड आणि कमी आंबट.

जन्मवर्षाची बाटली हवी असेल, तर आधी ते साल तिथे कसं होतं ते बघा. लेक २००१ ची असेल तर अडचण आहे. त्या साली पाऊस फार झाला आणि बहुतेक घराण्यांनी व्हिंटेज काढलीच नाही. अशा वेळी एखादी सुमार बाटली शोधत बसण्यापेक्षा २००२ ची चांगली बाटली घ्यावी. लेक पहिल्या वाढदिवसाची झाली ते हे साल, असं सांगितलं की निमित्तही जुळतं.

६. कुठून घ्यायची

स्थानिक दुकानातून, आयातदाराच्या ऑर्डरने, किंवा परदेशातून स्वतः आणून, असे तीन रस्ते.

दुकानात शेल्फवरची जुनी बाटली घेऊ नका. हे ठामपणे सांगतो. नौपाड्यातल्या एका दुकानात व्हिंटेजची बाटली रस्त्याकडच्या काचेत, दिव्याखाली, छान सजवून उभी केलेली बघितली होती. दुकानाचा एसी रात्री बंद, संध्याकाळचं ऊन थेट काचेवर. शॅम्पेनचे तीन शत्रू म्हणजे उष्णता, उजेड आणि तापमानाचे चढउतार. ते तिथे एकाच जागी जमलेले. मालकाने ती आदराने मांडली होती, पण त्या आदराने वाईन वाचत नाही.

त्याऐवजी दुकानातूनच आयातदाराकडे ऑर्डर टाका. माल न्हावा शेवा बंदरात उतरतो, मग बाँडेड गोदामात, म्हणजे शुल्क भरेपर्यंत माल ठेवतात तिथे, जातो. विचारायचे प्रश्न साधे:

“दादा, ही बाटली कुठून येणार? वातानुकूलित गोदामातून की इथल्याच स्टॉकमधून?”

“कंटेनर रीफर, म्हणजे आतून थंड ठेवणारा, होता का?”

“यावर्षीच्या लॉटची आहे की दोन-तीन वर्षांपूर्वीची?”

“बाहेर काढल्यापासून माझ्याकडे किती दिवसांत येईल?”

चांगला प्रतिनिधी या प्रश्नांनी वैतागत नाही. फोन करून विचारून सांगतो. उडवाउडवी झाली तर दुसरं दुकान बघा. डिलिव्हरी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या. एप्रिल-मेमध्ये उरण रस्त्यावरच्या ट्राफिकमध्ये उभ्या टेम्पोत काय तापमान असतं, ते आपल्याला सांगायला नको.

आयात वाईनवर बरीच वर्षं १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं, त्यावर राज्याचे कर आणि दुकानाचा नफा. म्हणून तीच बाटली पॅरिस किंवा लंडनमध्ये कितीतरी स्वस्त दिसते. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलिच्या दोन बाटल्या बसतात. जुनी शॅम्पेन घ्यायचा माझ्या दृष्टीने सर्वात खात्रीचा मार्ग हाच, कारण तिथल्या चांगल्या दुकानात बाटली तळघरातून काढून देतात आणि गाळ काढल्याची तारीख मागितली तर सांगतात. आतेभाऊ लंडनहून येत असेल तर त्याला दुकानाचं नाव, घराणं, साल, सगळं लिहून पाठवा. ‘चांगली जुनी शॅम्पेन आण’ एवढ्यावर सोडू नका. बाटली चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. विमानतळावरून येताना ती टॅक्सीच्या डिकीत नको, पायाशी ठेवा.

परदेशी लिलावात बोली लावून कुरिअरने मागवणं हा रस्ता खासगी ग्राहकाने विसरावा. शुल्क, परवाने आणि गोदामात अडकलेली बाटली, तिन्ही त्रास एकदम होतात.

७. पैसे देण्याआधी बाटली हातात घ्या

बाटली उभी धरून उजेडासमोर आणा. पातळी कॉर्कच्या जवळ हवी; मानेतून खाली उतरलेली असेल तर कुठेतरी गळतंय. फॉईलच्या कडेला चिकट डाग किंवा वाळलेली रेघ आहे का, बोट फिरवून बघा. उष्णतेने फुगलेली वाईन कॉर्कशेजारून बाहेर आली की असा डाग राहतो. पारदर्शक बाटली असेल, उदाहरणार्थ लुई रोदरेरची ‘क्रिस्ताल’, तर ती पिवळ्या सेलोफेनमध्ये गुंडाळलेली हवी. तो कागद शोभेचा नाही, उजेडापासून वाचवायला असतो. नसेल तर नको म्हणा. रंग दिसत असेल तर सोनेरी चालेल, गडद सोनेरीही चालेल, तपकिरी नको.

आयातदाराचं स्टिकर, एफएसएसएआय क्रमांक आणि एमआरपी बघा. एमआरपीपेक्षा एक रुपया जास्त देऊ नका. ‘बिलाशिवाय थोडी कमीत देतो’ म्हणणाऱ्याकडून अजिबात घेऊ नका. त्या बाटलीचा इतिहास कोणालाच सांगता येणार नाही.

८. घरी ठेवायची किती दिवस आणि कुठे

माझं स्पष्ट मत: ठाण्याच्या हवेत शॅम्पेन म्हातारी करू नका. वय झालेली आणा आणि वर्षभरात प्या.

आदर्श तापमान १० ते १२ अंश, अंधार आणि शांतता. फ्रीजच्या वरचं कपाट, पश्चिमेची भिंत, माळा, गॅलरीतलं स्टोरेज, यातली एकही जागा नको. पुढच्या काही आठवड्यांत पिणार असाल तर साध्या फ्रीजमध्ये तळाच्या कप्प्यात, कागदात गुंडाळून ठेवा; चालतं. त्याहून जास्त काळासाठी वाईन चिलर घ्या, पण कंप्रेसरवाला. दिसायला तसाच, आवाज न करणारा, स्वस्त चिलर असतो तो थर्मोइलेक्ट्रिक. तो खोलीच्या तापमानापेक्षा काही अंशच खाली उतरतो. मे महिन्यात बंद खोली ३६ वर गेली की तो १२ अंश टिकवू शकत नाही. देखभालीसाठी वीज दिवसभर जाणार असेल तर चिलरचं दार उघडू नका, एवढी काळजी पुरते.

आडवी ठेवायची की उभी, यावर वाद घालू नका. शॅम्पेन दोन्ही प्रकारे राहते. प्रवासातून आलेली बाटली मात्र उघडण्याआधी दोन-तीन आठवडे शांत पडू द्या.

९. उघडणं

लागणारं साहित्य: स्वच्छ सुती नॅपकिन, वेटरचा कॉर्कस्क्रू (जुनं कॉर्क तुटलं तर), बर्फ आणि पाणी घालायला बादली, साधे पांढऱ्या वाईनचे ग्लास. उंच अरुंद फ्लूट नको. त्यात वास कोंडतो. पसरट ग्लासही नको. त्यातून तो उडून जातो. ग्लास गरम पाण्याने धुवा, साबणाचा वास राहिला तर सगळं फुकट.

जुनी शॅम्पेन फार थंड केली तर गप्प बसते. अर्धं पाणी, अर्धा बर्फ अशा बादलीत वीस-पंचवीस मिनिटं ठेवा, १० ते १२ अंशांवर प्या. आपल्याकडे ग्लास पटापट तापतो, म्हणून थोडं थोडं ओता.

फॉईल काढा. तारेचा कान सहा वेळा अर्ध्या फेऱ्यांनी उलगडतो. या क्षणापासून अंगठा कॉर्कवरून हलवायचा नाही आणि तोंड कोणाकडेही करायचं नाही. नॅपकिन टाका, बाटली तिरपी धरा, कॉर्क घट्ट पकडा आणि बाटली फिरवा, कॉर्क नाही. जुनं कॉर्क हट्टी असतं. अडलं तर जोर लावू नका, नॅपकिनची पकड बदला, पुन्हा फिरवा. मोठा आवाज अपेक्षित नाही. बारीक उसासा आला की झालं. तुटलंच तर आधी कपड्याने मान गच्च धरून, चेहरा दूर ठेवून, कॉर्कस्क्रू सावकाश घालायचा. आत अजून दाब आहे, हे विसरायचं नाही.

आता निघालेलं कॉर्क हातात घेऊन बघा. तरुण बाटलीचं कॉर्क बाहेर येताच खालून घागऱ्यासारखं फुलतं. बरीच वर्षं मानेत दाबलं गेलेलं कॉर्क सरळ, कडक खुंटीसारखं राहतं, कारण त्याची लवचीकता गेलेली असते. म्हणजे दुकानात सांगितलेली गाळ काढल्याची तारीख खरी होती का, याचा अंदाज तुम्हाला तिथेच मिळतो. अलीकडे गाळ काढला असं सांगितलं आणि हातात खुंटी आली, तर पुढच्या वेळी त्या विक्रेत्याला विचारा.

१०. चाखताना काय बघायचं

आधी वास घ्या, ग्लास गरगरा हलवू नका. भाजलेला पाव, अक्रोड, मध, सुकं जर्दाळू, कधी तूप कढवल्यावर तळाशी राहणाऱ्या बेरीचा खरपूस वास, हे सगळं चांगल्या वयाचं लक्षण आहे. बुडबुडे कमी आणि बारीक असणं हा दोष नाही. घोट तोंडात घोळवा. आंबटपणा जिवंत असेल आणि चव बराच वेळ रेंगाळत असेल, तर बाटली उत्तम राहिली आहे. तोच ग्लास वीस मिनिटांनी पुन्हा घ्या. बऱ्याच जुन्या शॅम्पेन तोवर खुलतात. पहिल्या घोटावर निकाल देऊ नका.

बिघाडाचे वास ओळखायला सोपे आहेत. भिजलेल्या पुठ्ठ्याचा किंवा बंद कपाटातल्या ओल्या रद्दीचा वास आला तर कॉर्क नासलेलं आहे, ते हवेने सुधारत नाही. उकडलेल्या कोबीचा वास म्हणजे उजेड लागला. काळं पडलेलं सफरचंद, व्हिनेगर आणि तपकिरी रंग एकत्र आले तर ती उष्णतेने किंवा हवेने संपली. अशी बाटली नवी घेतलेली असेल तर ओतून टाकू नका. कॉर्क लावून बिलासकट विक्रेत्याकडे न्या आणि सभ्यपणे सांगा. कॉर्कच्या दोषाबद्दल चांगले आयातदार ऐकून घेतात.

सोबत खायला खारे काजू, जुनं कडक चीज, लोण्यावर परतलेले मशरूम, कमी तिखटाची सुरमई किंवा रवा लावलेले बोंबील. हे बोंबील आणि पंधरा वर्षांची शॅम्पेन ही जोडी मला फार प्रिय आहे: मीठ, कुरकुरीतपणा आणि तो आंबटपणा एकमेकांना उचलून धरतात. तिखट रस्सा नको, आणि त्या दिवशी दुपारी मामलेदारची मिसळ तर अजिबात नको, जीभ संध्याकाळपर्यंत सुधारत नाही. ब्रूटबरोबर मोदक, श्रीखंड, केक दिलात तर वाईन आंबट-कडू लागते. केक कापायचाच असेल तर शॅम्पेन आधी संपवा, केक नंतर.

उरली तर शॅम्पेनचं क्लिपचं झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. मानेत चमचा अडकवून काही होत नाही. रिकामी बाटली भंगारवाल्याला देण्याआधी पुढचं-मागचं लेबल ओलं करून खरवडून टाका, कारण नामवंत घराण्यांच्या लेबलसकट रिकाम्या बाटल्यांना बनावट माल भरणाऱ्यांकडे गिऱ्हाईक असतं. त्याआधी मागच्या लेबलचा, गाळ काढल्याच्या तारखेचा आणि कॉर्कचा फोटो काढून, चव कशी होती त्या दोन ओळींसकट मोबाईलमध्ये ठेवा. पुढची बाटली घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला दाखवायला हेच उपयोगी पडतं.